सिनेगॉगमध्ये वाद्यं का वाजत नाहीत, आणि कुठे वाजतात

ज्यू प्रार्थनेत रोज सकाळी १५०वं स्तोत्र म्हटलं जातं. शिंग फुंका, वीणा छेडा, डफ वाजवा, पावा वाजवा, झांजा वाजवा, जे जे वाजतं त्याने देवाची स्तुती करा, असं हे स्तोत्र सांगतं. ते म्हणणाऱ्यांपैकी एकाच्याही हातात मात्र वाद्य नसतं. भायखळ्याच्या मागेन डेविड सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, शनिवारी सकाळी पेटी नाही, तबला नाही, टाळही नाहीत. जे काही आहे ते गळ्यातून. बुडापेस्टच्या डोहानी रस्त्यावरच्या मोठ्या सिनेगॉगमध्ये शनिवारीसुद्धा ऑर्गन वाजतो. अमेरिकेतल्या कितीतरी सिनेगॉगांत शुक्रवारी संध्याकाळी गिटार आणि ढोल असतात.

याचं उत्तर म्हणून ‘ज्यू धर्मात वाद्यं निषिद्ध आहेत’ असं ठोकून दिलं जातं, ते अर्धवट आहे. बंदीची कारणं तीन आहेत. ती वेगवेगळ्या काळात आली आणि प्रत्येकाची हद्द वेगळी आहे. म्हणून कुठल्याही ठिकाणी वाद्य चालेल का, हे ठरवताना तीन गोष्टी विचाराव्या लागतात: दिवस कोणता, वाद्य कोणतं, आणि वाजवणारा कोण. एवढं कळलं की मुंबई, बुडापेस्ट आणि न्यूयॉर्क यांच्यातला फरक लहरीपणाचा वाटत नाही.

मंदिरातला वाद्यवृंद

वाद्यं मुळात होती, आणि चांगली भरपूर होती. रोमनांनी इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर पाडलं, तोवर तिथे रोजच्या अर्पणाच्या वेळी लेवी वंशाचे लोक गात आणि वाजवत. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या कायद्यांच्या संग्रहात त्याचा हिशेबच दिला आहे. लायरच्या जातीची किन्नोर ही वाद्यं किमान नऊ, वर मर्यादा नाही. नेवेल, म्हणजे हार्पसारखं मोठं तंतुवाद्य, किमान दोन, जास्तीत जास्त सहा. झांज एकच. चौथऱ्यावर किमान बारा लेवी उभे राहिलेच पाहिजेत; नऊ, दोन आणि एक मिळून तो आकडा जुळतो. चांदीचे कर्णे किमान दोन, पण ते लेवींकडे नसत, पुरोहितांकडे असत. बासरी वर्षातून फक्त बारा दिवस वेदीसमोर वाजे आणि ती बोरूची असे, काशाची नव्हे, कारण बोरूचा आवाज गोड. दिवसाला कर्ण्याचे सूर एकवीसपेक्षा कमी नाहीत आणि अठ्ठेचाळीसपेक्षा जास्त नाहीत.

क्रमही ठरलेला होता. सकाळच्या अर्पणाच्या शेवटी वेदीवर द्राक्षारस ओतायची वेळ येई. मुख्य पुरोहिताचा सहायक वेदीच्या कोपऱ्यावर हातात फडकं घेऊन उभा राही. दोन पुरोहित चांदीचे कर्णे फुंकत, मग झांज वाजवणाऱ्या बेन अर्झाच्या डाव्या-उजव्या बाजूला येऊन थांबत. ओतणारा वाकला की सहायक फडकं हलवी, बेन अर्झा झांजेवर आघात करी आणि लेवी गाणं सुरू करत. एक कडवं संपलं की पुन्हा कर्णा, आणि अंगणातले लोक जमिनीवर डोकं टेकत. रविवारी २४वं स्तोत्र, सोमवारी ४८वं, शनिवारी ९२वं, असा आठवडा लावून दिलेला असे. म्हणजे फडकं हे संचालकाचं निशाण आणि झांज हा सुरुवातीचा इशारा. हौसेने कोणी काही वाजवत नसे.

गायकांचा प्रमुख हुग्रस बेन लेवी याची आठवण मिश्नाने ठेवली आहे, पण ती कौतुकाची नाही. अंगठा तोंडात घालून आवाज काढायची त्याची एक खास युक्ती होती आणि ती तो कोणाला शिकवायला तयार नव्हता. घराण्याची चीज शिष्यालाही न देणारे बुवा आपल्याला नवे नाहीत, तेव्हा यावर वेगळं भाष्य नको.

हे वादन प्रार्थनेचं अंग नव्हतं, अर्पणाचं अंग होतं, हे इथे पक्कं धरून ठेवायला हवं. पुढचे बरेचसे वाद यावरच फिरतात. अर्पण शनिवारीही चुकत नसे, म्हणून त्यासोबतचं वादनही शनिवारी चाले. सुक्कोथ सणातल्या रात्रीच्या पाणी भरण्याच्या जल्लोषात लेवी पंधरा पायऱ्यांवर उभे राहून वाजवत. तो जल्लोष मात्र शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, बंद असे. मंदिर असतानाही गावोगावी सिनेगॉग होतेच. तिथे तोरा, म्हणजे बायबलातली पहिली पाच पुस्तकं, वाचली जाई, शिकवली जाई. हा वाद्यवृंद जेरुसलेमचा होता. मंदिर गेलं, अर्पण थांबलं, त्याबरोबर त्याचं कामही संपलं.

तीन कारणं

पहिलं कारण शोकाचं. मंदिर पडल्यावर मेजवान्यांतलं गाणं-बजावणं थांबवावं, असं तल्मूद हा मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ सांगतो. सोळाव्या शतकातल्या ‘शुल्हान आरुख’ या धर्मसंहितेतही हा नियम आहे, पण त्याच कलमात सूट आहे: लग्नासारख्या पुण्यकार्यात सगळं चालतं. म्हणून अत्यंत कर्मठ ज्यू घरातल्या लग्नातही बँड दणक्यात वाजतो. शोकाचा नियम धर्मकार्यासमोर मागे सरतो आणि कॅलेंडराप्रमाणे सैल-घट्ट होतो. तम्मुझ महिन्याच्या १७ तारखेपासून आव महिन्याच्या ९ तारखेपर्यंतचे तीन आठवडे तो सर्वात कडक असतो. ९ आव हाच मंदिर पडल्याचा दिवस. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्राएल, त्याला ‘बिरड्याचा सण’ म्हणत आले, कारण त्या दिवसाशी बिरड्याचं जेवण जोडलेलं आहे. या तीन आठवड्यांत पारंपरिक घरात लग्न नाही आणि वाद्यसंगीतही नाही.

दुसरं कारण शब्बाथचं, आणि रोजच्या व्यवहारात सर्वात जास्त हेच आडवं येतं. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की सुटतो. या काळात कामाचे ३९ प्रकार वर्ज्य आहेत. कोकणात तेलाचा घाणा चालवणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ नाव पडलं, ते याच नियमामुळे. गंमत अशी की ३९ कामांच्या यादीत वाद्य वाजवणं नाहीच. तल्मूदच्या पंडितांची भीती वेगळी होती: वाजवता वाजवता वाद्य बिघडेल आणि माणूस नकळत ते दुरुस्त करायला लागेल. दुरुस्ती मात्र यादीत बसते. तार तुटली की गाठ मारणं हे एक वर्ज्य काम. खुंटी पिळून तार सुरात आणणं म्हणजे वस्तू पूर्णत्वाला नेणं, तेही वर्ज्य. म्हणून कुंपण एक पाऊल अलीकडे घातलं: वाजवायचंच नाही. टाळ्या पिटणं आणि नाचणंसुद्धा त्याच कुंपणात आलं. त्यावर ‘उलट्या हाताने टाळी चालेल’ अशी सवलतही आहे, कारण तशी टाळी वाजवणाऱ्याला आपण काय करतोय याचं भान राहतं.

या विषयावर मिश्नामध्ये एक चिमुकला नियम आहे: मंदिरात तार तुटली तर शब्बाथला ती गाठ मारून जोडता येईल, मंदिराबाहेर नाही, आणि नवी तार पहिल्यांदा चढवणं दोन्हीकडे मना. इतकं बारीक. लेवीची तार मध्येच तुटली तर अर्पण अडायला नको, म्हणून गाठ चालली. पण आदल्या दिवशी वाद्य लावून ठेवण्याचा आळस माफ नाही. आज शब्बाथला गिटार वाजवू देणाऱ्या सिनेगॉगांचे नियम याच दोन वाक्यांभोवती रचलेले असतात.

मध्ययुगात फ्रान्स-जर्मनीच्या काही भाष्यकारांनी म्हटलं की, आता वाद्य बनवण्या-दुरुस्त करण्याचं कसब कोणाकडे आहे, तेव्हा ही भीती उरली नाही. टाळी आणि नाच यांना त्या मताचा आधार मिळाला. वाद्यांना तो लावणं मला तरी ओढूनताणून वाटतं. त्या काळी कसब नसेल, पण आजचा गिटारवाला दर दोन गाण्यांनंतर खुंट्या पिळतो. जुनी भीती आज उलट जास्त खरी आहे.

शब्बाथचा आणखी एक अडसर म्हणजे ने-आण. सार्वजनिक जागेत चार हातांपेक्षा, म्हणजे सुमारे दोन मीटरपेक्षा जास्त अंतर वस्तू वाहून नेणं वर्ज्य. घरून वाद्य आणण्याचा प्रश्न तिथेच संपतो.

तिसरं कारण म्हणजे परधर्मीयांच्या उपासनेची नक्कल नको. हे सगळ्या वाद्यांना सारखं लागत नाही. व्हायोलिन दारूच्या गुत्त्यातही वाजायचं, दरबारातही. त्याच्यावर कोणत्याच धर्माचा शिक्का नव्हता. युरोपात चर्चची ओळख बनलेलं वाद्य एकच होतं, ऑर्गन. त्यामुळे हे कारण जवळजवळ पूर्णपणे ऑर्गनवर येऊन पडलं.

तिन्ही कारणं शेजारी ठेवून पाहिली की उत्तरं निघू लागतात. मंगळवारी लग्नात सनई-चौघडा? पहिलं कारण सूट देतं, दुसरं लागू नाही, तिसरं लागू नाही, चालेल. हनुक्का या दिव्यांच्या सणाच्या आठवड्यातल्या साध्या वारी सकाळच्या स्तुतिस्तोत्रांना गिटार? चालेल, आणि इस्राएलमधल्या बऱ्याच कर्मठ पाठशाळांत वाजतेही. शनिवारी ऑर्गन, आणि वाजवणारा ज्यू? तिन्ही कारणं एकदम विरोधात.

गळ्यावर आलेला भार

वाद्य गेल्यावर सगळं ओझं हजानवर, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या गायकावर आलं. रोजची प्रार्थना, शब्बाथची, मोठ्या सणांची, प्रत्येकीची स्वरचौकट वेगळी. जाणकार माणूस डोळे मिटून दोन ओळी ऐकून आज कोणता वार आहे ते सांगू शकतो. पूर्व युरोपच्या परंपरेतली ‘अहावा रब्बा’ ही चौकट मराठी कानाला लगेच ओळखू येईल: सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी. बसंतमुखारीचे स्वर. चलन वेगळं, पण कोमल रेवरून शुद्ध गवर जाणारी ती उडी तीच. सीरियाच्या ज्यूंमध्ये तर दर शनिवारी तोराचा जो भाग वाचायचा, त्यानुसार त्या सकाळचा मकाम, म्हणजे अरबी संगीतातली स्वरचौकट, ठरतो आणि हजान बरीचशी प्रार्थना त्यात बांधतो. हिवाळ्यात पहाटे उठून भक्तिगीतं गायची त्यांची प्रथाही बिनवाद्याचीच, कारण तो शब्बाथ. हीच मंडळी इतर वारी ऊद हे अरबी तंतुवाद्य घेऊन बसतात.

तोरा वाचनाला ताल नसतो. छापील प्रतीत अक्षरांच्या वर-खाली स्वरचिन्हं असतात, पण सिनेगॉगमधल्या चर्मपत्राच्या गुंडाळीवर ती नसतात. वाचणाऱ्याला ती पाठ करूनच यावं लागतं. लय शब्दांच्या वजनावर चालते. पुढे ऑर्गनची साथ द्यायची वेळ आली तेव्हा याच जागी घोळ झाला. हजान एका अक्षरावर रेंगाळतो, मग तीन शब्द झटक्यात टाकतो. साथीदाराने कॉर्ड कधी बदलायचा? बर्लिनचा संगीतकार लुई लेवांडोव्स्की याने यातून वाट काढली. हजानच्या मोकळ्या आलापीखाली स्वर नुसता धरून ठेवायचा, आणि गायनवृंद व लोक एकत्र म्हणतात तो भाग तालबद्ध बांधून तिथे पूर्ण साथ द्यायची.

बिनवाद्याच्या वृंदातही सूर कुठून धरायचा हा प्रश्न असतोच. गायनवृंदाचा प्रमुख शब्बाथला स्वरकाटा वापरू शकतो का? काही पंडितांनी परवानगी दिली: तो आवाज त्याच्या एकट्याच्या कानापुरता, संगीत म्हणून कोणी ऐकत नाही. बाकीच्यांनी नाही म्हटलं. तोराच्या गुंडाळीवरच्या चांदीच्या मुकुटांना लावलेल्या घुंगरांवरही अशीच चर्चा झाली आहे, कारण गुंडाळी हलली की ते वाजणारच. घुंगरं मात्र बहुतेक ठिकाणी राहिली.

शोफार: एकटं उरलेलं वाद्य

मंदिरातल्या वाद्यांपैकी सिनेगॉगमध्ये टिकलं ते फक्त शिंग, शोफार. त्याला टिकायला कारण होतं: ते संगीत म्हणून वाजतच नाही. वर्षारंभाच्या दिवशी, रोश हशानाला, शोफार ऐकणं ही स्वतंत्र आज्ञा आहे. बेने इस्राएल या दिवसाला ‘नव्याचा सण’ म्हणतात.

शिंग शक्यतो मेंढ्याचं. गाईचं चालत नाही. येमेनी ज्यूंमध्ये कुडू हरणाचं लांब, पिळदार शिंग वापरतात. शिंगाच्या आत हाडाचा गाभा असतो, तो काढून टाकतात. पण टोकाकडचा भाग भरीव असतो. तिथपर्यंत पोकळी पोचत नाही, म्हणून टोक कापून भोक पाडावं लागतं. त्यासाठी शिंग तापवून थोडं सरळ करतात, आणि बरीच शिंगं याच पायरीला वाया जातात. उष्णता जास्त झाली की बारीक चीर पडते, ती सुरुवातीला दिसतही नाही. लांबीच्या दिशेने चिरलेला शोफार बाद. चिकटवून जोडलेला बाद. दोन शिंगांचे तुकडे जोडून केलेला बाद. भोक पडून बुजवलं असेल तर मामला अवघड. आवाजावर परिणाम होतो का, हे पाहून ठरतं. फुंकायच्या टोकाला धातूचं तोंड बसवायचं नाही, ओठ शिंगालाच लागले पाहिजेत. मुठीत धरल्यावर दोन्ही बाजूंनी दिसेल इतकी किमान लांबी हवी.

आवाज तीन तऱ्हेचे. तेकिया म्हणजे एक सलग सूर. शेवारीम म्हणजे तीन मध्यम तुटक सूर, उसासे टाकल्यासारखे. तेरुआ म्हणजे किमान नऊ झटपट ठोके. बायबलातला ‘तेरुआ’ नक्की कसा वाजायचा याबद्दल पुढे शंका आली: उसासे, हुंदके की दोन्ही? तिसऱ्या-चौथ्या शतकात कैसरिया गावच्या रब्बी (धर्मपंडित) अब्बाहू यांनी तिन्ही शक्यता वाजवायला सांगितल्या आणि वाद मिटवला. म्हणून आजही क्रम असा: तेकिया, शेवारीम-तेरुआ, तेकिया, हे तीनदा, तेकिया, शेवारीम, तेकिया, हे तीनदा, तेकिया, तेरुआ, तेकिया, हे तीनदा. मोजा: पहिल्या गटात चार-चार म्हणजे १२, पुढच्या दोन्हींत नऊ-नऊ. एकूण ३०. नियमाने एवढे पुरतात, पण प्रथेने दिवसभरात १०० पुरे करतात.

फुंकणाऱ्यांची नेहमीची चूक पहिल्याच गटात होते. मधल्या सुराइतकी तरी तेकिया लांब हवी, हा नियम आहे. शेवारीमची नऊ मात्रा आणि तेरुआची नऊ, म्हणजे पहिल्या गटातली तेकिया अठरा मात्रांची झाली पाहिजे. घाईत ती नऊवरच सुटते. दुसरी चूक जोर लावण्याची. शोफार गालांच्या ताकदीने वाजत नाही, ओठांच्या कंपनाने वाजतो. जोर लावला की सूर फाटतो, नाहीतर नुसती हवा जाते. अशा वेळी थांबून ओठ ओले करायचे, शिंग तोंडाच्या उजव्या कडेला नेऊन पुन्हा धरायचं. फुंकणारा मोजणीत चुकू नये म्हणून शेजारी एक जण उभा राहून प्रत्येक सुराचं नाव हळूच सांगतो. शिंग कोरडं पडलं असेल तर आत पाणी फिरवायला सणाच्या दिवशीही हरकत नाही, मिश्नाच तसं सांगते.

ऐकण्यालाही नियम आहेत. कोणी खड्ड्यात किंवा हौदात शिरून फुंकलं आणि बाहेरच्याला शिंगाऐवजी नुसता पडसाद ऐकू आला, तर त्याची आज्ञा पुरी झाली नाही. आजच्या काळात हाच नियम लाऊडस्पीकर आणि मोबाईलला लावतात: पडद्यातून येतो तो शिंगाचा आवाज नव्हे. २०२० मध्ये टाळेबंदीत अनेक गावांत शोफार रस्त्यावर, चौकात येऊन फुंकला गेला, त्यामागे हा हिशेब होता.

नव्याचा सण शनिवारी आला तर पारंपरिक सिनेगॉगांत त्या दिवशी शोफार फुंकत नाहीत, दुसऱ्या दिवशी फुंकतात. २०२० आणि २०२३ मध्ये असंच झालं. कारण पुन्हा ने-आणीचं: शिकायला म्हणून कोणीतरी शिंग हातात घेऊन जाणकाराच्या घरी निघेल. खुद्द तोराने सांगितलेलं वाद्यसुद्धा शब्बाथपुढे एक दिवस गप्प बसतं. मग गिटारची काय कथा?

ऑर्गनचं भांडण

सुरुवात इस्रायल जेकबसन या श्रीमंत माणसाने केली. १८१० मध्ये जर्मनीतल्या झेसन गावी त्याने शाळेला जोडून प्रार्थनागृह बांधलं, त्यात ऑर्गन बसवला, छपरावर घंटाही. १८१८ मध्ये हॅम्बुर्गला सुधारणावाद्यांचं प्रार्थनागृह उघडलं आणि तिथे शब्बाथला ऑर्गन वाजू लागला. त्यांनी इमारतीला सिनेगॉग न म्हणता ‘टेम्पल’ म्हटलं. जेरुसलेमचं मंदिर पुन्हा उभं राहावं म्हणून आता आम्ही वाट पाहत नाही, ही भूमिका त्या नावात होती, आणि तिच्यामुळे शोकाचं पहिलं कारण त्यांच्यापुरतं मुळासकटच गेलं.

दुसऱ्या कारणावर त्यांचं उत्तर: वाजवणारा ज्यू नसेल. याला आधार अगदीच नव्हता असं नाही. शुल्हान आरुखमध्येच, शब्बाथला लग्नाच्या वेळी परधर्मीयाला वाजवायला सांगणं काहींनी मान्य केल्याची नोंद आहे. तिसऱ्यावर उत्तर: ऑर्गन चर्चचा नाहीच, जेरुसलेमच्या मंदिरात मग्रेफा नावाचं अनेक भोकांचं, कानठळ्या बसवणारं यंत्र होतं, चर्चनेच ते आपल्याकडून उचललं. शिवाय प्रागमध्ये सतराव्या-अठराव्या शतकात सिनेगॉगमध्ये शुक्रवारी संध्याकाळी वाद्यं वाजत होती, हा दाखला होताच.

प्रेसबुर्गचे रब्बी मोझेस सोफर आणि इतरांनी १८१९ मध्ये विरोधातली पत्रं छापली. प्रागच्या रब्बींनी सरळ सांगितलं की आमच्याकडे वादन शब्बाथ लागण्याआधी थांबतं, तुम्ही आमचं नाव सांगू नका. मग्रेफाबद्दल म्हणणं असं की, मंदिरात जे चाललं ते अर्पणासोबत आणि मंदिरात. तिथे तारेला गाठही चालत होती, म्हणून घरी चालेल का? दोन्ही बाजू तीच जुनी वाक्यं वाचत होत्या. माझ्या मते परधर्मीय वादकाचा मुद्दा सुधारकांचा सर्वात कमजोर होता: लग्नाच्या आनंदासाठी दिलेली अपवादात्मक सूट दर आठवड्याच्या प्रार्थनेची रीत बनवली की ती सूट राहत नाही.

अमेरिकेत हे भांडण कोर्टात गेलं. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचा बेथ एलोहीम सिनेगॉग १८३८ च्या आगीत जळाला. नवा बांधताना सभासदांनी ऑर्गनसाठी अर्ज केला, हजान गुस्तावस पोझनान्स्की अनुकूल होता, मतदान झालं, थोड्या फरकाने ऑर्गन जिंकला. विरोधक बाहेर पडले, वेगळा सिनेगॉग काढला, पण मूळ संस्थेवरचा हक्क सोडला नाही. १८४६ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल दिला: उपासनेची कोणती रीत खरी हे ठरवणं आमचं काम नाही, बहुमताने झालेला बदल आम्ही मोडणार नाही. ऑर्गन राहिला.

युरोपात एकोणिसाव्या शतकात ऑर्गन हे शहरी, सुस्थित, सुधारक सिनेगॉगचं चिन्ह झालं. बुडापेस्टचा डोहानी रस्त्यावरचा सिनेगॉग १८५९ चा. बर्लिनचा ‘नवा सिनेगॉग’ १८६६ चा, तीन हजारांवर आसनांचा. एवढ्या सभागृहात लोकांचं गाणं एका सुरात ठेवायला ऑर्गन खरोखर कामाचा होता, ही व्यावहारिक बाजूही विसरू नये. बर्लिनमधल्या कर्मठांनी अशा सुधारणांना कंटाळून १८६९ मध्ये आपली संस्था वेगळी काढली. व्हिएन्नाने मधला रस्ता धरला: ऑर्गन नको, पण सालोमन झुल्त्सरच्या हाताखाली शिस्तीचा गायनवृंद. त्याच्यासाठी संगीतकार शूबर्टने १८२८ मध्ये ९२वं स्तोत्र, शब्बाथचं, हिब्रूतच बांधून दिलं. जर्मनीतले बहुतेक सिनेगॉग ऑर्गन नोव्हेंबर १९३८ च्या नाझी हिंसाचारात इमारतींसकट जळाले.

गिटार, आणि शुक्रवार संध्याकाळची तयारी

१९६० नंतर अमेरिकेतल्या उन्हाळी शिबिरांतून गिटार आली. डेबी फ्रीडमनसारख्या गायिकांच्या चाली शिबिरातून सिनेगॉगमध्ये शिरल्या आणि सुधारक पंथात ऑर्गनची जागा गिटारने घेतली. ऑर्गन ऐकायचा असतो, गिटारबरोबर लोक गातात. तरुणांना काय आवडलं हे उघड आहे. गिटारवर नकलेचा आरोपही चिकटत नाही.

सुधारक सिनेगॉगांत शब्बाथची जुनी बंधनं बंधनकारक मानत नाहीत, तिथे प्रश्नच मिटतो. कर्मठांत ‘नाही’ पक्कं आहे. फार तर शुक्रवारी दिवे लावण्याआधी वाजवून घेतात आणि सूर्यास्ताआधी वाद्य पेटीत जातं. दिवे साधारण सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लागतात, म्हणून हिवाळ्यात हे गणित सारखं चुकतं. शनिवारी रात्री शब्बाथ सुटल्यावरच्या हवदाला विधीला गिटार चालते, तेव्हा घाई नसते.

गुंतागुंत आहे ती मधल्या, कन्झर्व्हेटिव्ह पंथाची. तिथले काही सिनेगॉग वाद्याला परवानगी देतात, पण शब्बाथ पाळायचाही असतो. मग व्यवस्था अशी लावतात: वाद्यं शुक्रवारी दुपारीच आणून ठेवायची, म्हणजे ने-आण नाही. सुरात लावून ठेवायची. कीबोर्ड किंवा ॲम्प्लिफायर असेल तर आधीच चालू करून ठेवायचा आणि बंद करायचा नाही. एक जादा गिटार लावून बाजूला. तार तुटली तर ती गिटार खाली ठेवायची, दुसरी घ्यायची. दुसरीचीही तुटली तर गळा आहेच. अडचण हवेने होते: एसी लागला की लाकूड आकसतं, तासाभरात तार उतरते आणि वादकाची बोटं सवयीने खुंटीकडे जातात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पंडितांनी नेमकं याच क्षणासाठी कुंपण घातलं होतं. म्हणून अनुभवी ठिकाणी तंतुवाद्यांपेक्षा ढोल, खंजिरी यांच्यावर भर देतात. त्यांना लावायची गरज क्वचित पडते.

इतर घरं, आणि आपलं कोकण

येमेनी ज्यूंनी शोकाची बंदी अक्षरशः पाळली: लग्नातही वाद्य नाही, म्हणून तांब्याची परात आणि पत्र्याचा डबा बडवून ताल धरला. तो डबा वाद्य नाही, ही त्यांची पळवाट मला फार आवडते. इथिओपियाच्या बेटा इस्राएल समाजात उलट, सणांच्या प्रार्थनेत नगारा आणि धातूची थाळी वाजते. तल्मूदची परंपराच त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती, मग तिची कुंपणं कुठून येणार?

बेने इस्राएलांचे सिनेगॉग, १७९६ मध्ये मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी स्थापलेल्या शाआर हारहमीमपासून, बिनवाद्याच्या परंपरेतले. वाद्यं आहेत ती दाराबाहेर. मेंदीच्या रात्री गाण्यांना ढोलकी असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने मराठी कीर्तनाचा साचाच उचलला: पूर्वरंग-उत्तररंगाच्या चालीने अब्राहम, जोसेफ, मोशे यांची आख्यानं, ओव्या, साक्या, दिंड्या, आणि साथीला पेटी, तबला, झांजा. हिब्रू न समजणाऱ्यांना बायबलातल्या कथा कळाव्यात हा हेतू होता. शास्त्राच्या दृष्टीने यात काही अडत नाही. कीर्तन ही नेमून दिलेली प्रार्थना नव्हे, ते शिकवणं आहे. साध्या वारी ठेवलं की शब्बाथ आड येत नाही. आणि पेटी-तबल्यावर चर्चचा शिक्का मारायचं महाराष्ट्रात कोणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.